दिरांनी कागद पुढं केलाय, मुलींनी सही करावी का?

पत्राचा सारांश

उत्तर टेक्सासमधून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय पन्नाशीच्या पुढं, माहेर मिरजेजवळचं. शिकायला अमेरिकेत गेल्या आणि तिथल्याच मुलाशी लग्न केलं. सासर चार पिढ्यांचं रँचवालं, म्हणजे मोठ्या जमिनीवर गुरं पाळणारं. सासऱ्यांनी मृत्युपत्रात रँच दोन मुलांना निम्मी-निम्मी दिली. थोरले दीर तीस वर्षं तिथं राबतात. ताईंचे यजमान शहरात नोकरी करायचे. गेल्या वर्षी ते अचानक गेले, मृत्युपत्र न करता.

थँक्सगिव्हिंगचं जेवण आटोपल्यावर दिरांनी टेबलावर अकरा पानी करार ठेवला, शेजारी पेन. दोघी पुतण्यांनी वडिलांचा निम्मा हिस्सा, ‘जमीन व तिच्यासोबतचे सर्व हक्क’, काकांना विकावा. भाव काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, करपत्रकातला. रक्कम पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी. दीर म्हणाले, “वॅगनरांचं काय झालं ठाऊक आहे ना? मुलींच्या हाती गेली आणि दीडशे वर्षांची रँच बुडाली.”

थोरली मुलगी सव्वीसची, ती म्हणते विकायचं नाही. धाकटी बावीसची, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. ती म्हणते देऊन मोकळं होऊ. ताई लिहितात: “मी स्वतः भावांना एका साडीवर हक्कसोड लिहून दिलं, म्हणून माहेर टिकलं. माझा तर त्या जमिनीशी संबंधच नाही. मुलींना सही करा म्हणून समजावू का? यांची कबर रँचवरच आहे. संबंध बिघडले तर तिथं जायचीही चोरी होईल, याची भीती वाटते.”

उत्तर

ताई,

आधी कामाचं सांगते: कुणीच अजून सही करू नका. दिरांच्या मनात काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. पण रँचवर कर्ज किती, चराई कुणाला दिली आहे, जमिनीखालच्या तेला-वायूचे हक्क कुणाचे, यातलं एक अक्षर त्या अकरा पानांत नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. असला कागद भरल्या पोटी, आवराआवर चालू असताना वाचायचा नसतो. तो घरी आणायचा आणि वकिलाला दाखवायचा. वकीलही तुमचा स्वतःचा, दिरांचा नव्हे.

दुसरं, ‘माझा संबंधच नाही’ हे तुम्हाला कुणी सांगितलं? टेक्सासमध्ये नवऱ्याला वडिलांकडून आलेली जमीन ही त्याची स्वतंत्र मालमत्ता धरतात, हे खरं. पण मृत्युपत्र न करता तो गेला, तर ती जमीन मुलांकडे जाताना तिच्या एक तृतीयांश भागावर बायकोचा हयातभर हक्क राहतो. आणि रँच थेट माणसांच्या नावावर नसून कंपनीच्या किंवा भागीदारीच्या नावावर असेल, तर वारशात येतात ते त्या कंपनीतले हिस्से. ते जमिनीत धरत नाहीत, आणि अशा मालमत्तेचा एक तृतीयांश बायकोला पूर्ण मालकीनं मिळतो. तुमचं नेमकं कशात बसतं ते वारसाहक्काचं काम करणारा वकील कागद बघून सांगेल. तोवर त्या करारात तुमच्या सहीसाठी रेघ आहे का, तेवढं बघा. नसेल, तर ज्यानं तो लिहिला त्याला कायदा ठाऊक नाही किंवा तुम्हाला तो ठाऊक नसेल असं त्यानं गृहीत धरलंय.

आता वॅगनरांकडे वळू. तुमच्या दिरांचा सगळा युक्तिवाद त्या एका गोष्टीवर उभा आहे आणि ती गोष्ट त्यांनी अर्धीच सांगितली आहे.

डॅन वॅगनरनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गुरं पाळायला सुरुवात केली. त्याचा मुलगा डब्ल्यू. टी. वॅगनर यानं व्हर्ननच्या आसपास इतकी जमीन जोडली, की शेवटी ती विकायला निघाली तेव्हा सुमारे 5,35,000 एकर भरली. एका कुंपणाच्या आत बृहन्मुंबईच्या साडेतीन पट! दुष्काळात गुरांसाठी पाणी शोधायला भोकं पाडली तर तेल लागलं, आणि “गुरं हे पिणार आहेत का?” म्हणून म्हातारा चिडला, अशी कथा तिकडं सांगतात. 1911 मध्ये तिथं तेलाचं मोठं क्षेत्र उघडलं आणि घराण्याची श्रीमंती गुरांच्या हिशेबापलीकडं गेली.

त्याची मुलगी इलेक्ट्रा. जवळच्या गावाला तिचं नाव दिलेलं, आजही तेच आहे. लग्नात बापानं फोर्ट वर्थला ‘थिसल हिल’ नावाचा वाडा बांधून दिला. तो अजून उभा आहे, बघून या. कपडे, दागिने, मेजवान्या यांवर तिनं पाण्यासारखा पैसा ओतला. नीमन मार्कसच्या दुकानात एका दिवसात वीस हजार डॉलर उडवले, ही दंतकथा तुमच्या दिरांनी नक्की ऐकवली असणार. ‘मुलीनं बुडवलं’ म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढं हीच असते.

पण तारखा बघा. बापानं 1909 मध्ये निम्मी रँच तिन्ही मुलांना वाटून दिली खरी, पण 1923 मध्ये सगळं पुन्हा एका ट्रस्टखाली गोळा केलं आणि कारभार स्वतःकडं ठेवला. इलेक्ट्रा 1925 मध्ये वारली, बापाच्या आधी. संबंध रँचचा कारभार तिच्या हातात कधी आलाच नाही. आणि जी तिनं बुडवली म्हणतात, ती रँच तिच्या मृत्यूनंतर 91 वर्षं घराण्यातच राहिली.

दुसरी इलेक्ट्रा ही तिची भाची, इलेक्ट्रा वॅगनर बिग्ज. ही शिल्पकार होती. फोर्ट वर्थला विल रॉजर्सचा घोड्यावरचा पुतळा आहे ना, तो हिचा. ब्यूइकनं ‘इलेक्ट्रा’ मोटार काढली, तिचं नावही हिच्यावरून घेतल्याचं सांगतात. तोवर मालकी दोन शाखांत निम्मी-निम्मी उरली होती: एकीकडं ही, दुसरीकडं पहिल्या इलेक्ट्राचा नातू. हिला हिस्सा मोकळा करून हवा होता, त्याला रँच अखंड ठेवायची होती. म्हणजे उधळी म्हणून जिची कुचेष्टा होते, तिचाच नातू रँच वाचवायला उभा होता! दिरांना हे सांगाल तेव्हा हळू आवाजात सांगा.

1991 मध्ये हिनं दावा लावला. 2001 मध्ये ती गेली, दावा चालूच राहिला. 2014 मध्ये रँच 72.5 कोटी डॉलरला विक्रीला लागली आणि 2016 मध्ये स्टॅन क्रोन्की या उद्योगपतीनं घेतली. (त्यांची बायको वॉलमार्टच्या वॉल्टन घराण्याची वारस. म्हणजे तिथंही एक वारसदार मुलगी आलीच.) झळ कुणाला लागली म्हणाल, तर पिढ्यान्‌पिढ्या तळ्याकाठी भाड्याच्या जागेवर घरं बांधून राहिलेल्या लोकांना. नवीन मालकानं त्यांना जागा सोडायला सांगितली. भांडणाऱ्या दोन्ही शाखांच्या पदरात निदान पैसे पडले.

पाव शतक कोर्टात कशामुळं गेलं? माझं मत असं, की दोन मालक बरोबरीचे, एकाला थांबायचं होतं, एकाला निघायचं होतं, आणि निघणाऱ्यानं कसं निघायचं, भाव कुणी ठरवायचा, पैसे किती दिवसांत द्यायचे, यावर दोघांनाही मान्य अशी वाटच नव्हती. तिथं दोन मुलगे असते तरी हेच झालं असतं. मिरजेकडं बांधावरून जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे सख्खे भाऊ तुम्ही पाहिले नाहीत का? तुमच्या घरी आज तीच मांडणी आहे, निम्मं दिरांकडं आणि निम्मं तुमच्याकडं. वॅगनरांचं उदाहरण दिरांनी योग्य दिलं. त्यातून घ्यायचं ते मात्र घेतलं नाही.

त्याच टेक्सासमध्ये दक्षिणेला किंग रँच आहे. रिचर्ड किंग 1885 मध्ये वारला तेव्हा सगळी जमीन आणि जवळपास पाच लाख डॉलरचं कर्ज बायकोच्या, हेन्रिएटाच्या, गळ्यात पडलं. मिशनऱ्याची मुलगी, सवय काळ्या झग्याची आणि प्रार्थनेची. तिनं वकील रॉबर्ट क्लेबर्गला कारभारी नेमलं (तो पुढं तिचा जावई झाला), कर्ज फेडलं, रेल्वे आणवली, किंग्जव्हिल गाव वसवलं. 1925 मध्ये ती गेली तेव्हा रँच दहा लाख एकरांच्या वर होती. अंत्ययात्रेला सुमारे दोनशे घोडेस्वार गुराखी शवपेटीसोबत चालले आणि प्रत्येकानं उघड्या खड्ड्याभोवती घोडा दौडवत एक फेरी मारली. मृत्युपत्रात तिनं दहा वर्षं मालमत्ता विश्वस्तांकडं ठेवली होती. पुढं वाटण्या झाल्या, कोर्टकचेऱ्याही झाल्या, पण रँचची कंपनी झाली आणि वारसांकडं शेअर आले. शेअर असला की निघणाऱ्याला निघता येतं, त्यासाठी जमिनीचे तुकडे पाडावे लागत नाहीत. किंग रँच अजून घराण्याकडं आहे, आठ लाखांवर एकर. तुमच्या धाकटीला एक गंमत सांगा: तिथं तयार झालेली सांता गर्ट्रुडिस ही लाल गुरं शॉर्टहॉर्न आणि ‘ब्राह्मण’ या गुरांच्या दोन जातींच्या संकरातून आली, आणि अमेरिकेतल्या त्या ब्राह्मण जातीच्या पूर्वजांत गीर, ओंगोल यांच्याबरोबर आपली कृष्णाकाठची कृष्णाखोरी गुरंही आहेत. आईच्या माहेरचीच म्हणायची.

आता हक्कसोडीकडं येते. इथं मला जरा स्पष्ट बोलावं लागेल.

तुम्ही साडी घेतलीत, सही केलीत आणि माहेर टिकलं. मला ते खोटं वाटत नाही. पण टिकलं ते सहीमुळंच, हे कशावरून? सही केली नसती तर भावांनी दार लावलं असतं, असं खरंच वाटतं का? वाटत असेल, तर तुम्ही दिली ती किंमत होती आणि तिला प्रेमाचं नाव पडलं. वाटत नसेल, तर सहीशिवायही माहेर राहिलंच असतं. याचं उत्तर मला नका कळवू. फक्त मुलींना ‘मी दिलं, तुम्हीही द्या’ म्हणण्याआधी स्वतःशी द्या. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहे, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो पक्का केला. तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींच्या अंगठ्याला शाई लागायची थांबलेली नाही. इकडच्या ज्या वाचक बहिणींपुढं आज असा कागद आहे, त्यांनाही सांगते: द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण जमिनीचा आजचा बाजारभाव आधी विचारून घ्या. मग दिलेलं काय होतं ते तुम्हालाही कळेल आणि भावालाही.

करारातला भाव हा सगळ्यात नाजूक भाग. टेक्सासमध्ये शेती-चराईच्या जमिनीला कर लावताना ती गुरांपासून किती उत्पन्न देईल यावरून मोल धरतात. बाजारात ती जमीन कितीला जाईल याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसतो, आणि तो बाजारभावाच्या पुष्कळ खाली असतो. दिरांनी करपत्रकातला आकडा घेतला तो कदाचित सहज हाताशी होता म्हणून. पण त्या आकड्याला जमीन बाहेरचं कुणी मागायला आलं, तर दीर तरी देतील का? अधिकृत मूल्यांकन करून घ्या, आणि ते यजमान गेले त्या तारखेचं घ्या. अमेरिकेच्या करकायद्यात वारसाची खरेदीकिंमत सहसा मृत्यूच्या दिवशीचा बाजारभाव धरतात. तो नीट नोंदवला असेल तर मुलींनी लवकर विकल्यास नफ्यावरचा कर नाममात्र बसतो. टेक्सासचा स्वतःचा वारसा कर नाही. केंद्राचा आहे, पण त्याची मर्यादा कोटीच्या पुढच्या डॉलरांत असल्यानं तुम्हाला बहुधा झळ लागणार नाही.

‘तिच्यासोबतचे सर्व हक्क’ हे शब्द तुम्ही पत्रात जसेच्या तसे उतरवलेत, बरं केलंत. टेक्सासमध्ये जमिनीचा वरचा भाग आणि खालची खनिजं वेगवेगळी विकता येतात. वरची जमीन देऊनही तेला-वायूची रॉयल्टी मुलींकडं राहू शकते. ते तीन शब्द तसेच राहिले तर जाते. सासऱ्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी हे हक्क आधीच कुणाला दिले असतील तर प्रश्नच मिटला, पण काउंटीच्या दफ्तरात ते शोधून घ्या.

कोर्टाच्या भीतीबद्दल. सहमालकांपैकी कुणीही वाटणी मागू शकतो, हे खरं. पण 2017 पासून टेक्सासमध्ये वारशानं आलेल्या सामायिक जमिनीसाठी वेगळा कायदा आहे. त्यात एकानं विक्री मागितली तर बाकीच्यांना कोर्टानं ठरवलेल्या भावानं त्याचा हिस्सा घ्यायची संधी आधी मिळते. उद्याच लिलाव होऊन रँच परक्याला जाईल, असा बागुलबुवा दाखवला तर घाबरू नका. सहमालकांनी आपसांत वाटणीबद्दल लेखी करार केला असेल तर मात्र हे संरक्षण लागू न होण्याची शक्यता असते. घाईनं कशावरही सही नको म्हणते ते यासाठीही.

दिरांची बाजू मांडल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. 2011 च्या दुष्काळात टेक्सासमध्ये लोकांना कळपच्या कळप विकावे लागले. त्या वर्षी तुमच्या रँचवर पाण्याचे टँकर कुणी ओढले? फेब्रुवारीच्या बर्फात वासरं कुणी काढली? तीस वर्षांच्या या राबण्याचा मोबदला निम्म्या मालकीत येत नाही, आणि तो त्यांना मिळायला हवा. पण त्यानं भाव पाडू नका, त्याचा हिशेब वेगळा मांडा: त्यांचा इतक्या वर्षांचा पगार काय झाला असता, त्यांनी किती भरलं, किती उचललं. मूल्यांकन पूर्ण धरून त्यातून ही रक्कम उघडपणे वजा केली, तर कुणाला मागून बोलायला जागा राहणार नाही. हप्ते चालतील, पण व्याजासकट आणि तारणासकट.

मुलींना ‘विकायचं की ठेवायचं’ हा प्रश्न सध्या विचारू नका. थोरलीला विचारा, नेमकं काय ठेवायचंय? बाबांची जागा, की गुरांचा धंदा? धंदा म्हणत असेल, तर तिनं काकांकडं एक हिवाळा जाऊन राहावं. सुट्टीतली रँच आणि पहाटे चारला आडलेली गाय यांत फार अंतर आहे. तो हिवाळा काढूनही ती ठाम राहिली, तर दिरांना कदाचित पुढचा वारसदार मिळेल. जागाच हवी असेल, तर घर आणि शंभरेक एकर बाजूला काढता येतात. पुढं कधी प्लॉट पडू नयेत असं वाटत असेल, तर जमीन शेतीलाच राहावी असा कायमचा करार जमीन राखणाऱ्या संस्थेशी करता येतो. त्यानं बाजारभाव मात्र उतरतो.

धाकटीला अपराधी वाटू देऊ नका. टेक्सासच्या ‘फोर सिक्सेस’ रँचच्या अ‍ॅन मॅरियन यांना ती 1980 मध्ये आई गेल्यावर मिळाली. चाळीस वर्षं त्यांनी ती नावारूपाला ठेवली आणि 2020 मध्ये गेल्या तेव्हा मृत्युपत्रात ‘रँच विका’ असं लिहून ठेवलं होतं. सुमारे 2,66,000 एकर, मागणी 34 कोटी डॉलरच्या पुढं. त्यांना कुणी उधळी म्हटलं नाही. सांता फेचं जॉर्जिया ओ’कीफ संग्रहालयही त्यांच्याच पैशानं उभं राहिलं.

कबरीचं सर्वांत सोपं आहे. टेक्सासमध्ये खासगी जमिनीतल्या दफनभूमीला रस्ता नसला, तरी भेटीला येणाऱ्याला वाजवी वेळी आत जाऊ द्यावं लागतं, कायदाच आहे. शिवाय कुठल्याही करारात तेवढी जागा वगळून वाट लिहून घ्या, म्हणजे उद्या मालक बदलला तरी फाटकाशी हुज्जत नको. या भीतीपोटी मुलींचा हिस्सा सोडायची गरज नाही.

दिरांना फोन करू नका, लिहून पाठवा. जाऊबाईंनाही त्यात घ्या. इतक्या वर्षांचा हिशेब बहुधा त्यांनीच ठेवला असेल. साधारण असं: “भावोजी, कागद वाचला. रँच तुम्हीच चालवावी असं आम्हा तिघींनाही वाटतं. सही करण्याआधी मूल्यांकन, पाच वर्षांचे हिशेब आणि खनिज हक्कांचे कागद बघायचे आहेत. मूल्यांकनाचा खर्च निम्मा-निम्मा करू. तुमच्या तीस वर्षांच्या कामाचा मोबदला किती धरायचा ते तुम्ही लिहून कळवा. मार्चमध्ये मुलींना सुट्टी आहे, तेव्हा दोन दिवस येतो आणि बसून बोलू.”